भोकालाही भिंत लागते

ऑप्टिकल बेंचवर भिंग धरणारी उभी दांडी ज्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसते, तसले चार ठोकळे आमच्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षी एकापाठोपाठ एक तडकले. सुटा ठोकळा बाजारात मिळत नाही. घ्यायचा तर सगळा संचच घ्यावा लागतो, आणि विभागाचे त्या वर्षाचे पैसे तोवर संपलेले होते. प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आलेली. ठोकळा तरी असा काय मोठा? तीस मिलिमीटर चौरस, वीस मिलिमीटर उंच. मधोमध दांडीसाठी बारा मिलिमीटरचे आरपार भोक, आणि दांडी आवळण्यासाठी बाजूने स्क्रूचे एक बारीक भोक. ओळखीतल्या एका मुलाकडे थ्रीडी प्रिंटर आहे. संगणकावर ठोकळा रचून दिला की तो रातोरात छापून देईल, असा हिशेब मी मांडला आणि विभागात सर्वांसमक्ष सांगूनही बसलो.

दोन संध्याकाळी घालवून ठोकळा रचला. पडद्यावर तो फिरवून पाहिला. वरून पाहावे तर खालचे दिसत होते. आणखी काय हवे? रात्रभर यंत्र चालले आणि सकाळी माझ्या हातात चार वस्तू आल्या. साबणाच्या वड्या असाव्यात तशा त्या चारही बाजूंनी गुळगुळीत आणि आतून भरीव होत्या. भोकाचा मागमूस नव्हता.

दोष यंत्राचा नव्हता. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने माझी आकृती उघडून पाहिली आणि एका वाक्यात निकाल दिला, "सर, याला आत भिंतच नाही." त्या वाक्याचा अर्थ नीट समजायला मला आणखी दोन दिवस लागले. या विषयात नव्याने पडणारा प्रत्येकजण पहिल्यांदा इथेच अडखळतो असे पुढे कळले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या रोजच्या अनुभवात वस्तू आधी भरीव असते आणि भोक नंतर पडते. सुतार फळीला गिरमिट लावतो, लाकूड भुश्याच्या रूपाने बाहेर येते, उरते ते भोक. म्हणजे भोक हा अभाव. त्याला वेगळे असे काही करावे लागत नाही. भोकाच्या आतली भिंत ही लाकडाच्या भरीवपणातून आपोआप उघडी पडते. संगणकातली वस्तू मात्र अशी नसते. ब्लेंडरसारख्या प्रणालीत जो ठोकळा दिसतो तो नुसते साल आहे, गर नाही. शिरोबिंदू, ते जोडणाऱ्या कडा आणि कडांनी वेढलेली पृष्ठे एवढेच काय ते संगणकाला ठाऊक असते. सहा पृष्ठे एकमेकांना चिकटवून केलेला तो एक पुठ्ठ्याचा खोका आहे म्हणा ना. मी काय केले होते? वरच्या पृष्ठाचा मधला भाग पुसला, खालच्या पृष्ठाचा मधला भाग पुसला. खोक्याला वर एक आणि खाली एक अशा खिडक्या पडल्या. त्यातून आरपार दिसले खरे, पण खोक्याला खिडकी पाडणे म्हणजे लाकडाला भोक पाडणे नव्हे.

छपाईचे यंत्र तर आणखी भोळे. ते वस्तूचे आडवे काप करते आणि प्रत्येक कापात जी बंद रेषा सापडेल तिच्या आतला भाग भरून काढते. माझ्या ठोकळ्याचा मधला कोणताही काप घ्या. बाहेरचा एक चौकोन तेवढा सापडणार. आतले वर्तुळ कुठून सापडेल? तिथे भिंत उभीच केलेली नव्हती. तेव्हा यंत्राने चौकोन भरला, आणि ते बरोबरच होते.

या क्षेत्रातले थोर लोकही या बाबतीत अगदी निर्दोष नाहीत, हे वाचून मला जरा धीर आला. संगणक-चित्रणाच्या इतिहासात गाजलेली एक चहाची किटली आहे. युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी ती १९७५ मध्ये रचली आणि पुढे जगभरच्या संशोधकांनी आपापली तंत्रे तिच्यावरच पारखली. त्या मूळ किटलीला बूडच नव्हते! चित्र काढण्यापुरते त्यावाचून काही अडत नव्हते. ती छापून चहा ओतायचा असता तर अडले असते.

आता भोक म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवले पाहिजे. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची वाण नाही. भोक, छिद्र, भगदाड, खळगा, खोबण, कोनाडा. कन्नड विभागातले आमचे मित्र 'तूतु' म्हणतात. पण मला सर्वांत नेमका वाटतो तो 'नेढे' हा शब्द. सुईचे नेढे. राजगडाच्या सुवेळा माचीच्या अंगाने कड्यात जे आरपार भोक आहे, त्यालाही नेढेच म्हणतात. नेढ्यातून दोरा जातो आणि पलीकडे निघतो. खळग्यातून तो पलीकडे निघत नाही. भूमितीच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे. खळगा म्हणजे पृष्ठभाग नुसता आत दाबलेला. मातीच्या गोळ्यात बोट रुतवून तो करता येतो. नेढ्यासाठी मात्र पृष्ठभाग फाडून पुन्हा वेगळ्या रीतीने जोडावा लागतो.

हा भेद मोजताही येतो. ऑयलरने १७५० साली गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात एक साधा नियम सांगितला. आपण तो शाळेत घोकलेला आहे : शिरोबिंदू आणि पृष्ठे यांच्या बेरजेतून कडा वजा केल्या की दोन उरतात. घनाला आठ शिरोबिंदू, सहा पृष्ठे, बारा कडा, उरले दोन. वस्तूत आरपार भोके असली की हा नियम मोडतो, हे ल्युइलिये या जिनिव्हाच्या गणितज्ञाने १८१३ मध्ये दाखवून दिले. दर नेढ्यामागे उत्तर दोनाने कमी होते. एका नेढ्याच्या वस्तूला शून्य, दोन नेढ्यांच्या वस्तूला उणे दोन. खळगे कितीही करा, उत्तर दोनच राहते. बांगडी आणि मेदूवडा यांचे उत्तर एकच येते आणि वाटीचे व विटेचेही एकच, हे गणिताच्या प्राध्यापकांना नवे नाही. आम्हां बाकीच्यांना मात्र त्याची गंमत वाटते.

आता प्रत्यक्ष कृती. मी ब्लेंडर वापरले, कारण ते फुकट आहे. मूळ कंपनी बंद पडल्यावर टोन रूसेनडाल यांनी २००२ मध्ये लोकांना आवाहन केले, सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती प्रणाली सर्वांना मुक्त झाली. अजूनही ती तशीच आहे.

ब्लेंडर उघडले की बहुधा एक घन समोर मांडलेलाच असतो. तो हव्या त्या मापाचा करा आणि लगेच कंट्रोल व ए दाबून ते माप पक्के करा. ही पायरी गाळली तर संगणकाच्या लेखी घन मूळ मापाचाच राहतो, ताणलेला तेवढा दिसतो, आणि पुढे गोल भोक लंबवर्तुळ होऊन बसते. मग टॅब दाबून संपादनात जा, सगळा घन निवडा आणि सबडिव्हाइड ही आज्ञा एकदा द्या. प्रत्येक पृष्ठाचे चार तुकडे होतील. या घडीला शिरोबिंदू २६, कडा ४८, पृष्ठे २४ आहेत. ऑयलरला विचारा : उत्तर दोन.

आता वरच्या अंगाचे चार तुकडे आणि खालच्या अंगाचे चार तुकडे निवडून आय ही कळ दाबा. याला इनसेट म्हणतात. तसबिरीच्या चौकटीला आत आणखी एक चौकट बसवावी तसे हे होते. मूळ चौकोनात एक लहान चौकोन तयार होतो. ही चौकट का लागते? कारण ब्लेंडरमध्ये पृष्ठालाच भोक ठेवता येत नाही. भोकाभोवतीची जागा कुठल्या ना कुठल्या तुकड्यांनी भरलेली असावी लागते, आणि इनसेट ते काम सुबकपणे करतो.

त्यानंतर आतले आठही तुकडे पुसून टाका. इथपर्यंत मीही आलो होतो आणि इथेच थांबलो होतो.

वर आठ बिंदूंचे एक चौकोनी कडे उरले आहे, खाली तसेच दुसरे. वरचे कडे निवडून शिफ्ट, ऑल्ट आणि एस एकदम दाबा व आकडा एक द्या; कड्याचा गोल होईल. खालच्याचे तसेच करा. मात्र एका वेळी एकच कडे निवडा. दोन्ही एकदम निवडलीत तर संगणक दोघांचा मिळून एक मध्य धरतो, आणि कडी वरखाली सरकून बसतात. माझी बसली होती. शेवटी दोन्ही कडी निवडून 'ब्रिज एज लूप्स' ही आज्ञा द्या. वरचा प्रत्येक बिंदू खालच्या बिंदूशी जोडला जातो आणि आठ उभ्या पृष्ठांची नळी तयार होते. हीच ती आतली भिंत. दोन्ही कड्यांत बिंदू सारखे असतील तर काम नीटस होते. वर आठ आणि खाली बारा अशी तऱ्हा असेल तर संगणक कशीबशी त्रिकोणांनी वेळ मारून नेतो.

आता मोजा : शिरोबिंदू ४०, कडा ८०, पृष्ठे ४०. उत्तर शून्य. एक नेढे तयार झाले.

इथे मी एक आगाऊपणा केला आणि त्यातून बरेच शिकलो. माझ्या त्या फसलेल्या, बिनभिंतीच्या ठोकळ्याचीही मोजणी करून पाहावी असे वाटले. शिरोबिंदू ४०, कडा ७२, पृष्ठे ३२. उत्तर पुन्हा शून्य! खरे आणि खोटे भोक दोन्हीही ऑयलरच्या परीक्षेत सारख्याच गुणांनी उत्तीर्ण. कारण असे, की हा हिशेब बंद पृष्ठभागासाठी आहे, आणि माझा ठोकळा उघडा होता. तेव्हा आधी दुसरी परीक्षा घेतली पाहिजे. बंद वस्तूत प्रत्येक कड बरोबर दोन पृष्ठांच्या सामायिक मालकीची असते. या ठोकळ्याची सर्व पृष्ठे चौकोनी आहेत. भिंत घातलेल्या ठोकळ्यात चाळीस चौकोनांच्या बाजू १६०, आणि कडा ८० च्या दुप्पटही १६०. हिशेब जुळला. बिनभिंतीच्या ठोकळ्यात बत्तीस चौकोनांच्या बाजू १२८, आणि कडा ७२ च्या दुप्पट १४४. सोळांची तूट. आठ कडा वरच्या खिडकीच्या आणि आठ खालच्या. सोळाही कडांना एका बाजूला मालक नाही. ही मोजणी हाताने करण्याची गरज नसते. निवडीच्या यादीत 'नॉन मॅनिफोल्ड' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की अशा पोरक्या कडा पडद्यावर आपणहून उजळतात. काही उजळले नाही तर वस्तू बंद आहे. मग ऑयलरकडे जावे.

दुसऱ्या रात्री ठोकळा छापला. या खेपेला भोक पडले. पण त्यात दांडी जाईना.

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक शिकवणारी आहे. संगणकातले वर्तुळ हे वर्तुळ नसते. ते सरळ रेषांचे बहुभुज असते आणि त्याचे कोपरे तेवढे खऱ्या वर्तुळावर बसतात. बाजू आतल्या अंगाला पडतात. बाहेरून गोल असलेल्या वस्तूला यामुळे फारसे बिघडत नाही, ती किंचित बारीक होते इतकेच. भोकाच्या बाबतीत मात्र बाजू आत आल्या की वाट अरुंद होते. किती अरुंद, हे त्रिकोणमिती सांगते : समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर काढायचे तर व्यासाला १८० अंश भागिले बाजूंची संख्या या कोनाच्या कोसाइनने गुणावे. बारा मिलिमीटरच्या अष्टकोनी भोकात हे अंतर ११.०९ मिलिमीटर येते. माझी दांडी बरोबर बाराची. जाणार कशी? बत्तीस बाजू घेतल्या तर ११.९४, चौसष्ट घेतल्या तर ११.९९. म्हणजे बाजू वाढवल्या की तूट झपाट्याने कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. त्यातून वितळलेले प्लॅस्टिक थोडे पसरते आणि छापलेले भोक आखलेल्या भोकापेक्षा बहुधा लहानच निघते. तेव्हा मापात दोन ते चार दशांश मिलिमीटर सैल सोडावे लागतात. नक्की किती, ते ज्याचे त्याचे यंत्र सांगेल; एक लहान तुकडा छापून पाहणे हा त्यावर उपाय. मी तो केला नाही. गोल कानस घेऊन रविवारची सकाळ घासण्यात घालवली आणि एक ठोकळा तडकवून ठेवला.

त्या दुपारी मामा घरी आले होते. मामांची सारी हयात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न करण्यात गेली. लाकडाचा नमुना करायचा, तो रेतीत दाबून साचा उठवायचा, साच्यात रस ओतायचा, हे त्यांचे काम. बराच वेळ ते माझ्या मागे उभे राहून पडद्याकडे पाहत होते.

"काय करायलास रे सकाळपासनं?"

मी सांगितले. भोक पाडायचे आहे, आधी पृष्ठ कापले, मग कडी केली, मग पूल बांधला वगैरे.

"एवढा खटाटोप कशाला? कोअर का घालत न्हाईस?"

ज्यांनी ओतकाम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पोकळ नळी ओतायची असेल तर पोकळी ओतता येत नाही. म्हणून पोकळीच्या आकाराचा रेतीचा एक भरीव गाभा वेगळा करतात आणि तो साच्यात ठेवतात. रस त्याच्या भोवतीने भरतो. ओतीव थंड झाले की रेती फोडून काढतात. हा गाभा म्हणजे कोअर. फाउंड्रीतल्या माणसाला भोक हा अभाव वाटतच नाही. त्याच्या लेखी भोक ही आधी हाताने करायची, मापायची, भाजायची आणि जपून ठेवायची एक वस्तू आहे.

संगणकात नेमकी हीच सोय आहे. तिला बूलियन क्रिया म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप देणाऱ्या जॉर्ज बूल यांचे नाव तिला मिळाले आहे. दोन भरीव वस्तूंची बेरीज, वजाबाकी किंवा दोहोंमधला सामायिक भाग काढता येतो. १९७० च्या दशकात रॉचेस्टर विद्यापीठात व्होल्कर आणि रेकिशा यांनी यंत्रभागांच्या रचनेसाठी या कल्पनेला शिस्तबद्ध रूप दिले. ठोकळ्यातून दंडगोल वजा करा. दंडगोलाची जागा रिकामी होते आणि त्याची बाहेरची भिंत ठोकळ्याची आतली भिंत बनते. भिंत उभी करण्याचे काम संगणक करतो.

कृती सोपी आहे. बत्तीस किंवा चौसष्ट बाजूंचा एक दंडगोल आणून ठोकळ्याच्या मध्यात उभा करायचा. मग ठोकळा निवडून त्याला 'बूलियन' हा मॉडिफायर लावायचा, त्यात 'डिफरन्स' ठेवायचे आणि दंडगोलाकडे बोट दाखवायचे. नवशिक्याला या क्षणी वाटते की काही झालेच नाही. भोक तर पडलेले असते, पण दंडगोल त्यातच उभा असतो! कोअर काढून घेतल्याशिवाय भोक दिसणार कसे? तो लपवावा, म्हणजे काम दिसते. छपाईला पाठवण्यापूर्वी मॉडिफायर पक्का करून टाकावा.

मी दंडगोल बरोबर ठोकळ्याच्या उंचीचा, वीस मिलिमीटरचा घेत होतो. मामांनी लगेच हटकले.

"कोअर भोकाएवढा न्हाई करायचा. लांब करायचा. दोन्हीकडं बसायला जागा पायजे की!"

साच्यात कोअरची दोन्ही टोके टेकवण्यासाठी खोबणी ठेवतात, म्हणून कोअर भोकापेक्षा लांबच असावा लागतो. संगणकातले कारण वेगळे आहे, पण नियम तोच. दंडगोलाचे टोक ठोकळ्याच्या पृष्ठाशी बरोबर एका पातळीत आले तर दोन पृष्ठे एकमेकांवर पडतात. त्यातले कोणते आत आणि कोणते बाहेर हे ठरवताना आकडेमोडीत होणारी अगदी बारीक चूकही निकाल फिरवते. कधी भोकावर कागदासारखा पातळ पडदा राहतो, कधी काहीच घडत नाही. २०२० च्या अखेरीस ब्लेंडरमध्ये 'एक्झॅक्ट' नावाची अधिक काटेकोर पद्धत आली तेव्हापासून हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. तरीही दंडगोल दोन्ही अंगांनी मिलिमीटरभर बाहेर काढण्याची सवय सोडू नये. ओपनस्कॅड नावाच्या प्रणालीत वस्तू हाताने रचायच्या नसतात, लिहून सांगायच्या असतात. तिथेही जाणकार हेच सांगतात.

मग हाताची पद्धत शिकायचीच कशाला? बूलियनने काम होते, पण भोकाभोवतीची पृष्ठे ओबडधोबड होतात. पृष्ठाला भोक चालत नाही हे वर सांगितलेच. म्हणून संगणक भोकाच्या कडेपासून ठोकळ्याच्या कडेपर्यंत कुठेतरी रेषा ओढून मोकळा होतो आणि वीस-वीस बाजूंची वेडीवाकडी पृष्ठे मागे ठेवतो. सपाट यंत्रभागात ती कोणाला दिसत नाहीत. पण तोच प्रकार एखाद्या बाहुलीच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या खाचांसाठी केला आणि पृष्ठभाग गुळगुळीत करायची आज्ञा दिली, की चुरगळलेल्या कापडासारख्या सुरकुत्या उमटतात. चेहरा हलणार असेल तर विचारूच नका. तिथे इनसेटच्या चौकटी, कड्यांमागून कडी अशी हाताचीच बांधणी हवी. अशी वस्तू गुळगुळीत करताना भोकाची धार बोथट होऊन पसरते. ती टिकवायची तर धारेच्या अगदी जवळ दोन्ही अंगांना एकेक जादा कडे घालावे लागते. माझे मत विचाराल तर शिकताना हाताची रीत आधी शिकावी. बूलियनने सुरुवात केलेल्याला भिंत आपोआप मिळते, आणि ती कधी बिघडली तर काय बिघडले हे त्याला कळत नाही.

तिसरी एक वाट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही : भोक पाडूच नये. कागदावर बाहेरचा चौकोन आणि आतला गोल एकाच आकृतीत काढावा आणि ती आकृती वीस मिलिमीटर उंच ओढावी. फ्रीकॅडसारख्या अभियांत्रिकी प्रणालीत ठोकळे असेच होतात, आणि तिथे वर्तुळ गणिताने वर्तुळच राहते. त्रिकोणांत त्याची मोडतोड होते ती छपाईसाठी फाइल बाहेर काढताना. बांगडी करायची असेल तर एक लहान गोल घेऊन तो अक्षाभोवती फिरवावा. भोक जन्मतःच असते.

कोणत्याही रीतीने करा, शेवटी एक गोष्ट तपासायची राहते. प्रत्येक पृष्ठाला एक बाहेरची आणि एक आतली बाजू असते, आणि छपाईसाठी १९८७ पासून जी एसटीएल नावाची फाइल रूढ आहे तीत प्रत्येक त्रिकोणासोबत बाहेरची दिशा लिहिलेली असते. भोकाच्या भिंतीची बाहेरची बाजू कोणती? मी बराच काळ उलट समजत होतो. भिंत वस्तूच्या आत आहे, तेव्हा ती आतली, असे वाटते. पण भोकात हवा आहे, आणि हवा जिथे आहे ते बाहेर. म्हणून भिंतीचे तोंड भोकाच्या मध्याकडे हवे. संपादनात सगळे निवडून शिफ्ट आणि एन दाबले की संगणक सर्व तोंडे योग्य दिशेला वळवतो. वस्तू बंद असेल तरच, हे सांगायला नको.

सोमवारच्या परीक्षेसाठी रविवारी रात्री ठोकळे तिसऱ्यांदा छापले. भोक १२.४ मिलिमीटरचे, बाजू बत्तीस, म्हणजे आतले अंतर सुमारे १२.३४. दंडगोल दोन्हीकडे बाहेर काढलेला. स्क्रूचे भोक दुसऱ्या, बारीक दंडगोलाने बाजूने पाडले. तो मधल्या पोकळीपर्यंत पोहोचेल एवढा आत नेला. सकाळी साडेसातला दांडी घालून पाहिली. ती सहज गेली आणि स्क्रू आवळल्यावर हलली नाही. परीक्षा ठरल्या वेळी झाली. चारांपैकी तीन ठोकळे अजून वापरात आहेत. चौथा एका परीक्षार्थीने पाडला.

ते ठोकळे पाठवण्यापूर्वी मी सवयीने मोजणी केली. पोरकी कड एकही नव्हती. ठोकळ्याला तोंडे तीन : वर, खाली आणि बाजूला. म्हणून मनात तीन नेढी धरली होती आणि उत्तर उणे चार यावे अशी अपेक्षा होती. संगणकाने दाखवलेल्या आकड्यांवरून आले उणे दोन. म्हणजे नेढी दोनच. पुन्हा मोजले, तरी दोनच. त्या विद्यार्थिनीला विचारले, तर ती म्हणाली, "सर, पायजम्याला तोंडे किती असतात?"